कामाचा फळा लावला, तीन आठवड्यांत चुंबकं जागची हलेनात. तुमच्याकडे कुणाचा टिकलाय का?

भोसरी_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं जॉबवर्कचं शेड आहे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवून द्यायचे. ३ सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), २ व्हीएमसी (तशीच मिलिंगची मशीनं), एक ग्राइंडर आणि आम्ही १४ जण. बुश, शाफ्ट, फिक्स्चरचे पार्ट असली कामं, लॉट कधी ५ नगांचा कधी ३०० चा. हीट ट्रीटमेंट (एचटी, म्हणजे भट्टीत तापवून कडक करणं) आणि प्लेटिंग (मुलामा) बाहेर जातं.

त्रास काय होता तर कस्टमरचा फोन यायचा, "माल कुठंय?" आणि मग मी फोन कानाला लावून शेडभर फिरायचो, आधी लेथवर, तिथून ग्राइंडरला, मग स्टोअरवाल्याला विचार, तो म्हणणार की परवाच चलन करून एचटीला पाठवलाय, आणि तोवर कस्टमर लाईनवर ताटकळत. एक्सेल होती पण ती माझ्या लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉप केबिनमध्ये. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपण होता, त्यात सकाळी टाकलेला फोटो दुपारपर्यंत कुठच्या कुठे वर गेलेला असतो.

म्हणून जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून आठ बाय चार फुटी पांढरा फळा आणला, चुंबकं आणली, सीएनसी आणि ग्राइंडरच्या मधल्या भिंतीवर लावला. रकाने पाडले: मटेरियल आलं, सीएनसी, व्हीएमसी, बाहेर, ग्राइंडिंग, तपासणी, डिस्पॅच. प्रत्येक जॉबचं एक कार्ड, त्यावर पार्ट नंबर, नग, तारीख आणि कोण करतोय त्याचं नाव. पहिला आठवडा तर बघण्यासारखा गेला, पोरं स्वतःहून कार्डं सरकवत होती, मला वाटलं झालं आपलं काम. तिसऱ्या आठवड्यात एका कस्टमरला मी फळा बघून छातीठोकपणे सांगितलं की तुमचा शाफ्ट सीएनसीवर आहे, परवा देतो. तो म्हणाला अहो तो तर काल पोचला, बिल पण आलंय.

त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. मला हे मनापासून जमवायचंय, कारण १४ माणसं राबतात आणि तरी रोज कुणाला तरी "उद्या देतो" म्हणावं लागतं. तुमच्याकडे असा फळा वर्षभर टिकला असेल तर कसा टिकला ते सांगा प्लीज.

चाकणची_पाळी

दादा, मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, रोज कानबानमध्येच वावरतो. तुमच्या फळ्यात एक गोष्ट राहिलीये असं मला वाटतं, ती सांगतो, जरा लांबेल.

कानबान म्हणजे जपानीत पाटी, फलक. टोयोटाचे ताइची ओनो यांनी ही पद्धत बसवली आणि त्यांना ती सुचली अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या पद्धतीवरून. गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं तेवढंच मागून भरायचं, त्याहून जास्त नाही. १९५३ मध्ये त्यांनी हे आपल्या मशीन शॉपमध्ये चालू केलं, म्हणजे बघा, सुरुवात तुमच्यासारख्या लेथ-मिलिंगच्या खात्यातूनच झाली. तिथं कार्ड हे माहिती द्यायला नसतं, परवानगी द्यायला असतं. पुढच्या खात्यानं डबा रिकामा केला, कार्ड मागं आलं, तरच मागच्या खात्यानं तेवढे नग बनवायचे. कार्ड नाही तर काम नाही, मशीन मोकळं असलं तरी नाही.

तुमचं कार्ड कुणालाच थांबवत नाही. कार्ड न सरकवताही काम पुढं जातंय मग सरकवेल कोण? माल एकीकडं आणि कार्ड दुसरीकडं अशी फारकत होणारच. कार्ड मालाच्या ट्रेबरोबर फिरू द्या आणि फळ्यावर जागा मोजून द्या. जागा नाही तर पुढचा जॉब चढवायचा नाही.

हिंजवडीकर

आमचं क्षेत्र वेगळं, सॉफ्टवेअर, पण दुखणं तेच. आमचा बोर्ड स्क्रीनवर असतो, त्यात एकेकाळी अकरा कॉलम होते आणि "चालू आहे" या एका कॉलममध्ये आठ जणांच्या टीमची चाळीसेक कामं. म्हणजे प्रत्येकाच्या नावावर पाच पाच कामं चालू आणि संपत मात्र काहीच नाही. बोर्ड सुंदर दिसायचा, रंगीत लेबलं वगैरे, पण त्यातून कळायचं एवढंच की सगळे बिझी आहेत.

चाकणवाले म्हणतात ते आमच्याकडं सुद्धा कामाला आलं. सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत आणली डेव्हिड अँडरसन यांनी, २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एका देखभाल टीमबरोबर, आणि ती टीम बसायची हैदराबादला! त्या टीमचा खूप वेळ नुसता "हे काम किती दिवसात होईल" याचे अंदाज देण्यात जात होता. त्यांनी अंदाज देणं बंद केलं आणि हातात घ्यायच्या कामांना मर्यादा घातली, तीच माणसं तेच काम कितीतरी लवकर संपवायला लागली.

आणि याच्यामागं साधं गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम: आत असलेली कामं भागिले रोज बाहेर पडणारी कामं म्हणजे एक काम सरासरी किती दिवस आत राहतं. पोस्टातल्या रांगेलाही लागू, तुमच्या शेडलाही. भोसरीकर, एक करा, उद्या शेडमध्ये अर्धवट पडलेले सगळे जॉब मोजा आणि महिन्याच्या डिस्पॅचवरून दिवसाला किती जॉब जातात ते काढा. एक्सेल नको, पेन्सिल पुरे.

भोसरी_जॉबवर्क

मोजले. २३ जॉब. दिवसाला सरासरी २ बाहेर पडतात. म्हणजे साडेअकरा दिवस. आणि मी कस्टमरला पीओ (लेखी ऑर्डर) घेताना सांगतो ५ दिवस. हे कागदावर लिहिल्यावर मी दहा मिनिटं नुसता बसून होतो.

खरं आहे का हे बघायला मग एका जॉबबरोबर चाललो, ४० बुशचा लॉट. वही घेऊन बार कापण्यापासून ते गाडीत चढेपर्यंत प्रत्येक वेळ लिहिली. कटिंग २५ मिनिटं, सेटिंग १ तास १०, मशिनिंग ४ तास, एचटीच्या भट्टीत ८ तास, ग्राइंडिंग ३ तास, तपासणी ५० मिनिटं. सगळं मिळून साडेसतरा तासांचं काम. लागले किती, ११ दिवस! बाकीचा सगळा वेळ तो ट्रे जमिनीवर पडून होता. दोन दिवस एचटीला जायला गाडी भरायची वाट बघत, दोन दिवस तिकडं नंबर लागेपर्यंत, आणि पूर्ण तीन दिवस आमच्याच तपासणीच्या टेबलासमोर.

ते टेबल मी रोज बघतो हो, पण त्या दिवशी खाली बसून बघितलं. निळे ट्रे एकावर एक, खालच्या ट्रेमधलं कार्ड तेलानं भिजून चिकटलेलं, वर कुणीतरी हातमोजे ठेवलेले. १९ पैकी... सॉरी २३ पैकी ९ जॉब तिथं. तपासणीला माणूस एक, हाइट गेज (उंची मोजायचं साधन) एक. आणि आम्ही दर सोमवारी मीटिंग घेऊन सीएनसीवाल्यांना म्हणतोय जरा स्पीड वाढवा.

नारायणपेठ_प्रेस

भोसरीकर दादा, तुमचं वाचून आमचा प्रेस आठवला म्हणजे रोजचाच आहे पण सासऱ्यांच्या वेळचा आठवला. आमचा प्रेस नारायण पेठेत, पत्रिका, पावतीपुस्तकं, आणि आता या दिवसांत दिवाळी अंक. दिवाळी अंकाला तारीख पुढं ढकलता येत नाही, वसुबारसेच्या आधी स्टॉलवर गेला नाही तर रद्दी.

सासऱ्यांनी मशीनच्या वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली होती आणि त्यावर कपड्यांचे लाकडी चिमटे, मोजून १४. प्रत्येक कामाचं एक खाकी पाकीट, आत मजकूर, प्रूफ, कागदाचा नमुना, बाहेर गिऱ्हाइकाचं नाव आणि किती प्रती. पाकीट डावीकडून टांगायचं, टाइपसेटिंग झालं की उजवीकडं सरकवायचं, मग प्रूफ, मग छपाई, बाइंडिंग, आणि पार उजव्या टोकाला दाराजवळ आलं की न्यायला तयार. रिकामा चिमटा नसेल तर ते काम घ्यायचेच नाहीत. समोरचा कितीही ओळखीचा असो, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बुधवारी एक चिमटा मोकळा होतोय, तेव्हा या." मला लग्न होऊन आल्यावर वाटायचं हे काय आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतात, लोक काय म्हणतील. पण त्यांनी दिलेली तारीख कधी चुकली नाही आणि तेच गिऱ्हाईक बुधवारी परत यायचं.

मधे आम्ही कॉम्प्युटरवर घेतलं सगळं, सुतळी काढली. मग कामं किती घ्यावीत याला काही धरबंदच राहिला नाही, स्क्रीनवर खाली सरकवत गेलं की यादी वाढतच जाते ना. दोन वर्षांपूर्वी परत बांधली. कॉम्प्युटरवर बिलं आणि हिशोब, काम मात्र सुतळीवर. एक बदल केला, प्रूफ लेखकाकडं गेलं की त्या पाकिटाला पिवळा चिमटा लावतो, म्हणजे ते आमच्याकडं नाही, त्यांच्याकडं अडलंय. तीन पिवळे झाले की मी फोन करायला बसते.

तिसरी_पाळी

मी मालक नाय, ऑपरेटर आहे. व्हीएमसीवर ९ वर्षं. सगळे फळ्याचं चांगलं चांगलं बोलताहेत म्हणून माझं पण लिहितो.

आधीच्या कंपनीत असाच बोर्ड होता, नाव घेत नाही. त्याच्यावर आमचे फोटो होते आणि फोटोशेजारी हिरवं पिवळं लाल चुंबक. रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी बोर्डासमोर उभं करायचे. एकदा माझ्याकडून तीन नगांचा बोअर (आतलं भोक) ०.०४ मिमी मोठा गेला, इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) झिजला होता आणि माझ्या लक्षात आलं तसं मीच जाऊन सांगितलं. लाल चुंबक लागलं माझ्या फोटोला, आठवडाभर राहिलं. येणारा जाणारा बघून जायचा, ऑडिटवाले, ट्रेनी पोरं, चहावाला पण. त्यानंतर काय झालं सांगू का, त्या खात्यात कुणी काही सांगायचंच बंद झालं. खराब नग भंगाराच्या पिंपात बरीच खाली दाबून टाकायचे आणि वरून चिप्स ओढायच्या. बोर्ड सगळा हिरवा. कस्टमरकडून पेटीच्या पेटी परत यायला लागल्या तेव्हा मॅनेजर विचारतोय बोर्ड तर हिरवा आहे.

भोसरीकर साहेब तुमच्या कार्डावर ऑपरेटरचं नाव आहे असं तुम्ही लिहिलंय. पोरांनी कार्डं सरकवणं का सोडलं त्याचं एक कारण हे असू शकतं, राग मानू नका. जॉब लावा, माणूस लावू नका.

चाकणची_पाळी

तिसरी पाळी, तुमची पोस्ट आमच्या खात्यात प्रिंट काढून लावावी अशी आहे. आन्डनची दोरी याच्यासाठीच आहे. टोयोटात कुणाही कामगाराला लाईनवर काही गडबड दिसली की त्यानं दोरी ओढायची, दिवा लागतो, त्याचा टीमलीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्याच्या आत सुटलं नाही तर लाईन थांबते. लाल दिवा म्हणजे "इकडे या, मदत हवीये". तुमच्या जुन्या कंपनीनं दिवा घेतला आणि त्याचा अर्थ उलटा केला.

भोसरी_जॉबवर्क

राग कसला, उलट आभार. मी काल जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरवाल्या काकांना सरळ विचारलं की कार्डावरच्या नावाचं काही वाटतं का. ते आधी काही नाही म्हणाले, डबा बंद केला आणि मग म्हणाले, "कार्ड माझ्यापाशी थांबलं की सगळे माझ्याकडे बघतात, माल वरून चार दिवस उशिरा आलेला असतो ते कुठं लिहिलंय." नावं त्याच दिवशी पुसली. आता कार्डावर नावाच्या जागी त्या रकान्यात जॉब कोणत्या तारखेला आला ती तारीख.

लाल रिबीन आणलीये. ज्याला काही अडलं, टूल नाही, ड्रॉइंग कळत नाही, गेज मिळत नाही, त्यानं स्वतः ट्रेला रिबीन बांधायची आणि दहा मिनिटांत मी किंवा सुपरवायझर तिथं पोचायचं, ही आमची जबाबदारी. रिबीन का बांधली असं विचारायचं नाही, काय पाहिजे एवढंच विचारायचं.

पण एका गोष्टीवर अडलोय. तपासणीसमोर ६ ट्रेची जागा आखली पिवळ्या पट्टीनं. सहा भरले की सीएनसीवाल्यानं नवीन जॉब चढवायचा नाही. बोलायला सोपं आहे, पण परवा दुपारी दोन सीएनसी बंद उभ्या होत्या आणि मशीनचा हप्ता काय थांबत नाही हो. माझ्या पोटात गोळा आला.

चाकणची_पाळी

तो गोळा सगळ्यांच्याच पोटात येतो. पण असं बघा, तपासणीतून दिवसाला जेवढे जॉब निघतात तेवढेच शेडमधून निघतात. सीएनसीनं त्या दुपारी अजून दोन जॉब काढले असते तर ते त्याच ढिगावर जाऊन बसले असते, बिल एकाचंही लवकर झालं नसतं, मटेरियलचे पैसे मात्र अडकले असते. तपासणीचा तास वाया गेला तर तो अख्ख्या शेडचा तास गेला. तेव्हा मशीन मोकळं असलेल्या ऑपरेटरला तपासणीच्या मदतीला लावा. ट्रे धुणं, कडेची बर (कापताना राहिलेली धार) काढणं, नग ओळीत लावणं, सोपे व्यास मायक्रोमीटरनं बघणं हे तो करेल, हाइट गेजचं तेवढं इन्स्पेक्टर करेल.

कोथरूड_इंटिरियर

मधेच विचारते. माझं घरांच्या इंटिरियरचं काम, सुतार, फॉल्स सीलिंग, इलेक्ट्रिशियन, रंगारी असे एकामागून एक येतात. मी गँट चार्ट वापरते, आडव्या पट्ट्यांचा. तो सोडून हे करायचं का?

हिंजवडीकर

नका सोडू ताई. तुमच्याकडं क्रम ठरलेला आहे, वायरिंगशिवाय सीलिंग बंद करता येत नाही, त्याला पट्ट्यांचा चार्टच बरा. तो प्रकार जुना आहे, हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात अमेरिकेत रूढ केला, त्याही आधी १८९६ मध्ये पोलंडचे कारोल आदामिएत्स्की यांनी जवळजवळ तसाच तक्ता केला होता. पण सुतार तुमच्या चार साइटवर एकच असेल तर त्याच्यापुरता फळा करा, कारण पट्ट्या प्रत्येक साइटच्या वेगळ्या असतात आणि सुतार एकच, ते त्या चार्टमध्ये दिसत नाही.

कोथरूड_इंटिरियर

बरोब्बर, सुतार एकच आहे आणि तिथंच सगळं तुंबतं! करते.

कामशेतकर

आमच्या मावळातली, खेड-जुन्नरची माणसं मुंबईला डबे पोचवतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण या धाग्यावर ते यायलाच पाहिजे म्हणून लिहितो. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं काम. माझे चुलते अंधेरीच्या बाजूला होते. डब्याच्या झाकणावर रंगानं काढलेला आकडा आणि अक्षरं, कुठून निघाला, कोणत्या स्टेशनला उतरवायचा, कोणती इमारत, कोणता मजला, सगळं त्या वीतभर जागेत. पत्ता नाही, नाव नाही. चुलते चौथी शिकलेले. दुपारी डबा चार हातांतून जातो आणि कुणाला कुणाला विचारावं लागत नाही, गाडी स्टेशनात थांबते तेवढ्या वेळात वाचून होतं.

भोसरीकर, तुमचा फळा भिंतीवर आहे पण हात तर ट्रेवर आहे. ट्रेवरच खूण करा. आमचे चुलते म्हणायचे खूण अशी पाहिजे की धावताना वाचता आली पाहिजे.

भोसरी_जॉबवर्क

मंडळी, दसरा झाला, म्हटलं काय झालं ते सांगावं.

कामशेतकरांचं ऐकून कार्डं ट्रेला लावली, पत्र्याच्या खोबणीत, तेल लागलं तरी चालेल अशी प्लास्टिकमध्ये. एचटीला जाणाऱ्याला केशरी कोपरा, प्लेटिंगला जाणाऱ्याला निळा. फळ्यावर आता कार्ड नाही, नुसते आकडे लिहिलेले खिळे, एकूण १२. जॉब आत घेताना खिळ्यावरचा पितळी बिल्ला काढून ट्रेला अडकवायचा, डिस्पॅचला परत खिळ्यावर. बिल्ला नाही तर मटेरियल कापायचं नाही. प्रेसवाल्या ताई, तुमच्या चिमट्यांचंच हे लोखंडी रूप. फळा कुणी "अपडेट" करत नाही, तो आपोआप होतो, कारण बिल्ल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

२३ चे १२ करायला पाच आठवडे लागले. त्या काळात दोन कस्टमरना मी पहिल्यांदा "पुढच्या सोमवारी पीओ पाठवा" असं सांगितलं, एक जण दुसरीकडं गेला. हिंजवडीकरांच्या गणितानं ६ दिवस यायला हवेत, माझे ७ च्या आसपास येताहेत. तपासणीला ग्राइंडरवाल्या काकांचा भाचा शिकतोय आणि दुसरा हाइट गेज घेतला.

रिबीन पहिले आठ दिवस कुणीच बांधली नाही. नवव्या दिवशी एका पोरानं बांधली, ड्रॉइंगवरचं टॉलरन्स (माप किती कमीजास्त चालेल ते) त्याला पटत नव्हतं. कस्टमरला फोन केला तर ड्रॉइंगच जुनं होतं. ३०० नग जाणार होते भंगारात. त्या पोराला मी सगळ्यांसमोर चहा दिला माझ्या हातानं.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, झेंडूचे हार मशीनला घातले, तर पोरांनी एक हार जास्तीचा आणलेला, तो त्या खिळ्यांच्या फळ्याला घातला. मी सांगितलं नव्हतं.

तिसरी_पाळी

साहेब तुमच्याकडं व्हीएमसीवर जागा निघाली तर मला कळवा.

नारायणपेठ_प्रेस

वाचून डोळे भरले दादा. एकच विचारायचं होतं, बाहेर गेलेल्या जॉबचं काय करता? प्लेटिंगवाल्याकडं तर तुमचा बिल्ला चालत नसेल.

भोसरी_जॉबवर्क

तेच अजून अडतंय ताई. त्यांच्याकडं चार कारखान्यांचे ट्रे एकत्र पडलेले असतात, कुणाचा आधी आला तेच कळत नाही. परवा तिथं गेलो होतो तेव्हा तुमच्या सुतळीचं त्यांना सांगितलं, त्यांनी लगेच छताकडं बघितलं, जॉब टांगायला बांधलेली एक जुनी तार आहे त्यांच्याकडं, टाकीच्या वाफेपासून लांब. फक्त लाकडी चिमटे आम्लाच्या वासात टिकतील का ही त्यांची शंका आहे. गुरुवारी आमची सुट्टी, तेव्हा बोहरी आळीत जाऊन जाड प्लास्टिकचे बघतो. तुमच्याकडं १४ होते, त्यांना किती लागतील ते मोजायला आम्ही दोघं शनिवारी बसणार आहोत.